आत्याच्या वाटणीचे पाव

(आत्याचं स्वयंपाकघर. टेबलावर दुधाचा वाडगा, त्यात भिजलेला पाव.)

भाचा : थांब आत्या, तो घास खाऊ नकोस. वाडगा इकडे दे.

आत्या : अरे, आत्ता कुठे भिजलाय. दात गेल्यापासून दुधात बुडवल्याशिवाय पाव गिळवत नाही मला, माहीत आहे ना? आणि ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी बेकरी सोडून इकडे कसा? बायकोशी वाजलं?

भाचा : नाही. मंगळवारच्या भट्टीबद्दल बोलायचं होतं.

आत्या : भट्टीला काय झालं?

भाचा : भट्टी ठीक आहे. शिंपीकाका आले होते. घरी वीस माणसं जेवायला आणि त्यांचा ओव्हन ऐन वेळी बंद पडलेला. मटणाचा हा एवढा मोठा ट्रे घेऊन दारात उभे. गयावया करत होते बिचारे.

आत्या : मग दिलास ना भाजून? शेजारधर्म आहे.

भाचा : दिला. पण पाव आधीच आत होते. अजून दहा-पंधरा मिनिटं लागणार होती त्यांना.

आत्या : ट्रेवर झाकण होतं ना?

भाचा : ट्रे मोठा होता. आपलं झाकण बसेना.

आत्या : ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. होतं की नव्हतं?

भाचा : नव्हतं. उघडाच ठेवला. भट्टीचं दार लावून घेतलं.

आत्या : उघडं मटण आणि पाव, एका बंद भट्टीत. तुझ्या बापाने तुला पहिला धडा कोणता दिला होता रे?

भाचा : आपल्या ज्यू धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, आणि मटणाची वाफ पावात उतरते. तो पाव मग दुधाबरोबर, लोण्याबरोबर खायचा नाही.

आत्या : पाठ आहे की.

भाचा : पाठ आहे, म्हणून तर आलोय.

आत्या : म्हणजे हा पाव त्यातला?

भाचा : हो.

आत्या : आणि मंगळवार संध्याकाळपासून मी तोच खातेय. दुधात कुस्करून.

भाचा : काल रब्बींकडे जाऊन आलो. ते म्हणाले, नकळत खाल्लं गेलंय, आत्याबाईंनी मनाला लावून घेऊ नये.

आत्या : माझं नकळत. तुझं?

भाचा : तेच विचारलं त्यांनी.

आत्या : बरं, घाईत चूक होते माणसाच्या हातून. भट्टीतून काढताना लक्षात आलं नसेल. बाकीच्या गिऱ्हाइकांना तरी सांगितलंस का?

भाचा : सांगावं लागलं नाही. त्यांना वास आला. शाळेच्या बाई चार पाव परत घेऊन आल्या. म्हणाल्या, मुलं याला लोणी लावून खातात, हे मला नको. त्यांना मी दुसरे भाजून दिले.

आत्या : चांगलं केलंस. आणि ते चार?

भाचा : आत्या...

आत्या : चार पाव. मंगळवारी तुझा नोकर मला बरोबर चार पाव देऊन गेला. मी म्हटलं, आज भाच्याने जास्तीचे धाडले, म्हातारीची आठवण ठेवतो पोरगा.

भाचा : तुझे वेगळे काढायचे राहिले होते. नव्या पिठाचे मोजके निघाले, ते बाईंना गेले. आणि हे चार समोर होते. मला वाटलं...

आत्या : बोल.

भाचा : मला वाटलं, तुला कळणार नाही. त्या तापानंतर तुला वास येत नाही. बाकी कोणाकडेही पाठवले तर परत येतील, तुझ्याकडून येणार नाहीत.

आत्या : (वाडगा त्याच्याकडे सरकवते.)

भाचा : शिव्या दे. तोंडात मार.

आत्या : गॅस सुरू राहिला तर शेजारीण येऊन सांगते मला. भाजी करपली तरी तीच सांगते. पण तुझ्या पावाचं मी कधी कोणाला विचारलं नाही.

भाचा : माहीत आहे. काल तू दुकानात रब्बींच्या देखत म्हणालीस, भाचा भट्टीवर आहे तोवर मी निर्धास्त जेवते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तू रस्ता ओलांडून जाईपर्यंत मी पाठमोराच उभा होतो.

आत्या : मला वाटलं, कौतुकाने लाजलास.

भाचा : आत्या, मला माफ कर. जाणूनबुजून केलं मी. देवाचं मी बघून घेईन, पण तुझं कसं फेडू?

आत्या : देव मोठा आहे, तो सोडेल. मी एवढी मोठी नाही. आज मला वाईट वाटतंय, ते वाटू दे.

भाचा : आता तू माझ्याकडचा पाव खाणार नाहीस.

आत्या : न खाऊन जाऊ कुठे? या भागात आपल्या लोकांची बेकरी एकच. आणि तू नाही सांगितलंस, तर हे मला जन्मात कळलं नसतं. तेवढं तुझ्या पदरात टाकते.

भाचा : उद्यापासून मी स्वतः घेऊन येईन. नोकराच्या हाती पाठवणार नाही.

आत्या : ये. पण दारात आलास की मला विचारावं लागेल, आज भट्टीत सोबत काय होतं म्हणून.

भाचा : विचार ना. रोज विचार, मी रोज सांगेन.

आत्या : तू सांगशील रे. विचारताना मला लाज वाटेल.