हिरव्यावर पांढरी रेघ

ड्रायव्हर : ...म्हणजे मी ब्रेक दाबून उभा, गाडी जागची हललेली नाही, आणि मागचा गाडीवाला उतरून माझ्या खिडकीशी आला. म्हणाला, पोरांनी भरलेली व्हॅन अशी लोकांच्या अंगावर मागे घेतात का? मी म्हटलं, बाबा रे, मी थांबलोय. तर म्हणे, मग मागे जायचा दिवा कशाला लावलात?

मिस्त्री : मागे जायचा दिवा.

ड्रायव्हर : पांढरा. रिव्हर्सचा. म्हणून मग शाळेच्या शिपायाला मागे उभं केलं आणि बघायला लावलं. ब्रेक दाबला की रिव्हर्सचा पांढरा लागतो, आणि रिव्हर्स टाकला की ब्रेकचे लाल. म्हणजे परवा तुमच्याकडून नेली तेव्हापासून असंच चाललं असणार. आरोप नाही करत हं मिस्त्री.

मिस्त्री : आरोप काय त्यात. मागच्या वायरी उंदराने कुरतडल्या होत्या, त्या मीच जोडल्या. दोघींची अदलाबदल झालेली दिसते. गाडी घ्या खड्ड्यावर. अगं ए, मशीन थांबव जरा. या व्हॅनच्या वायरिंगचं पुस्तक काढ.

बायको : परवाच तर काढलं होतं.

मिस्त्री : आज पुन्हा काढ.

बायको : काढते. कंबर मोडली माझी या सीट कव्हरांनी, तेवढीच उसंत. पानं नुसती लोंबतायत बघा याची, शिवण उसवली. रेक्झिनचं कव्हर मी घातलंय म्हणून तग धरून आहे बिचारं.

ड्रायव्हर : वहिनी, तुम्हाला कळतं त्यातलं?

बायको : न कळायला काय झालं. लग्न झाल्यापासून हे गाडीखाली आणि मी पुस्तक घेऊन वर. यांचा नियमच आहे, पुस्तक उघडल्याशिवाय वायरीला हात लावायचा नाही. दुसरे मिस्त्री अंदाजाने तोडतात, जोडतात, मोकळे होतात. आमच्याकडे आधी वाचन.

मिस्त्री : मागचे दिवे. वाच.

बायको : थांबा, पान चिकटलंय. हां. ब्रेकचा दिवा. जी, तिरकी रेघ, डब्ल्यू. म्हणजे हिरव्यावर पांढरी रेघ. आणि रिव्हर्सचा, एल, तिरकी रेघ, डब्ल्यू. निळ्यावर पांढरी रेघ.

ड्रायव्हर : निळ्याला एल?

बायको : बी काळ्याने आधीच पळवला ना. ज्याने पुस्तक लिहिलं त्याला विचारा.

मिस्त्री : मी तसंच जोडलंय. पुढून आलेल्या हिरवीला मागची हिरवी. निळीला निळी.

ड्रायव्हर : मग उलटं कसं झालं?

मिस्त्री : पुस्तक चुकलं असणार.

बायको : काय म्हणालात?

मिस्त्री : पुस्तक चुकलं असेल म्हटलं. जुनी गाडी, मध्येच कधीतरी कारखान्याने रंग बदलले असतील. छापणाऱ्याला काय पत्ता.

बायको : आजवर कधी पुस्तकाला नाव ठेवू दिलं नाहीत मला. मागे एकदा मी म्हटलं, छपाई पुसट आहे, तर जेवला नव्हतात.

मिस्त्री : आता म्हणतोय ना.

बायको : पण अहो, पुस्तक चुकलं तरी काय फरक पडतो? पुढून आलेली हिरवी, मागची हिरवी, एकच वायर. मधोमध उंदराने तोडली. तुकड्याला तुकडा जोडला की पहिल्यासारखा दिवा लागायला हवा. पुस्तकात तिला काही का म्हणेनात.

मिस्त्री : ऐकू आलं.

ड्रायव्हर : म्हणजे, वहिनींचं बरोबर आहे का?

बायको : तुम्ही एक काम करता का? समोरच्या दुकानातून चिकटपट्टी आणा, वायरीवर गुंडाळतात ती. आमची संपलीय. घाई नका करू, चांगली बघून आणा. तो जुनी सुकलेली गळ्यात मारतो.

ड्रायव्हर : आणतो की. फक्त शाळा सुटायच्या आत व्हायला हवं, एवढंच.

(ड्रायव्हर रस्ता ओलांडून जातो.)

मिस्त्री : चिकटपट्टीच्या दोन गुंडाळ्या आहेत त्या खणात.

बायको : माहीत आहे मला. सरका, मी उतरते खड्ड्यात.

मिस्त्री : साडी खराब होईल.

बायको : होऊ दे. दोन्ही वायरी धरा पुढे. एक या हातात, एक त्या हातात. बॅटरी मी मारते. आता सांगा, हिरवी कुठली?

मिस्त्री : पोरखेळ लावलाय का?

बायको : सांगा ना.

मिस्त्री : ही. उजव्या हातातली.

बायको : ती निळी आहे.

मिस्त्री : तेलकट आहे म्हणून तसं वाटतंय तुला.

बायको : पदराने पुसली मी आत्ता. निळी आहे. स्वच्छ निळी.

मिस्त्री : खड्ड्यात अंधार आहे.

बायको : मलाही तोच अंधार आहे ना. परवा जोडून झाल्यावर दिवा तपासला नव्हतात?

मिस्त्री : तपासला की. पेडल दाबलं, आरशात बघितलं, मागे भिंतीवर उजेड पडला. ड्रायव्हर डोक्यावर उभा होता, शाळा सुटायची म्हणून.

बायको : लाल पडला की पांढरा?

मिस्त्री : ऊन होतं. बघितलं नाही.

बायको : बघितलं नाही, की कळलं नाही?

मिस्त्री : बस झालं.

बायको : आणि तो दोरा? दातांच्या डॉक्टरांच्या गाडीची कव्हरं शिवत होते मी, निळा दोरा मागितला, तुम्ही हिरवा आणून ठेवलात. मी तोंडसुख घेतलं तुमच्यावर, लक्ष कुठे असतं म्हणून. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती माझ्या मनात. भांडला नाहीत म्हणजे काहीतरी होतं.

मिस्त्री : दुकानदाराकडे निळाच मागितला होता मी. त्याने दोन रिळं पुढे केली. म्हणाला, घ्या तुम्हाला हवं ते.

बायको : आणि?

मिस्त्री : दोन्ही सारखीच दिसली.

बायको : तेव्हा का नाही सांगितलंत मला?

मिस्त्री : काय सांगू? वायरिंगच्या मिस्त्रीला रंग कळेनात? एकदा बाहेर फुटलं की या दारात गाडी उभी राहील का कुणाची? वाटलं, थकवा असेल. झोप झाली की जाईल. सकाळी उठलो की आधी तुझ्या त्या कॅलेंडरवरची चौकट बघतो. निळी आहे ना ती?

बायको : निळी आहे.

मिस्त्री : मला ती करडी दिसते. रोज उठून बघतो आणि रोज करडीच दिसते. लाल कळतं अजून, पिवळंही कळतं कसंबसं. ही दोघंच एकमेकांत मिसळून गेलीत. इतका कंटाळा आलाय मला अंदाज बांधायचा, की कधी कधी वाटतं शटर ओढावं आणि पडून राहावं.

बायको : एकटेच कुढत बसलात. मी काय परकी होते?

मिस्त्री : तू आधीच दमलेली असतेस.

बायको : दमलेले आपण दोघंही आहोत, त्यात नवीन काय. डोळे दाखवायला जायचं. उद्या. कुरकुर ऐकून घेणार नाही मी.

मिस्त्री : आणि डॉक्टरांनी हात वर केले तर?

बायको : मोतीबिंदू असेल तर निघेल. दुसरं काही असेल तर बघू. आता आधी ही व्हॅन. सोडवा ते जोड, आणि आता पुढची हिरवी मी देते तुमच्या हातात.

ड्रायव्हर : आणली हो वहिनी. दोन दुकानं हिंडलो. म्हणजे पहिल्याकडची खरंच सुकलेली होती. सापडलं का काही?

मिस्त्री : सापडलं. जोड उलटा झाला होता.

ड्रायव्हर : पुस्तकामुळे?

मिस्त्री : पुस्तक बरोबर आहे. माझ्याकडून झाला.

ड्रायव्हर : अहो होतं हो मिस्त्री. माणूस आहे, होतं असं कधी.

बायको : हात पुढे करा. ही घ्या, पुढची हिरवी. आणि ही मागची हिरवी. पिळा. आता या दोन निळ्या.

मिस्त्री : बघितलंस नीट?

बायको : डोळ्यांत तेल घालून बघितलं. गुंडाळा पट्टी. ड्रायव्हर, तुम्ही बसा आत आणि मी सांगेन तसं करा. मी मागे उभी राहते. हां, ब्रेक दाबा.

ड्रायव्हर : दाबला.

बायको : लाल. दोन्ही बाजूंना. सोडा. आता रिव्हर्स टाका.

ड्रायव्हर : टाकला.

बायको : पांढरा. पुन्हा एकदा ब्रेक.

ड्रायव्हर : वहिनी, शाळा सुटेल.

बायको : सुटू दे. पुन्हा एकदा.

ड्रायव्हर : दाबला.

बायको : लाल. निघा आता. सावकाश जा.

ड्रायव्हर : जीव भांड्यात पडला बघा. म्हणजे, माझ्याच शेजारच्यांची दोन पोरं बसतात यात, कुणाला तोंड दाखवलं असतं मी? येतो मिस्त्री. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

मिस्त्री : गेला?

बायको : गेला. या वर. हात द्या.

मिस्त्री : चांगला माणूस आहे. झापलं असतं त्याने मला तर बरं वाटलं असतं.

बायको : बसा त्या स्टुलावर. पाणी प्या. ते पुस्तक का उघडताय आता?

मिस्त्री : मिटत होतो. हा तुझा अंगठ्याचा डाग बघ, प्रत्येक पानाला एक. अगं.

बायको : काय?

मिस्त्री : तो दोरा. मी चुकीचा आणला, त्यानंतर किती गाड्या केल्या मी?

बायको : मोजायच्या का? एका जीपचा हॉर्न होता. तो चालतोय, रोज सकाळी ऐकू येतो गल्लीतून. डॉक्टरांची गाडी होती, तिची नुसती बॅटरी बदलली. बाकी किरकोळ, बल्ब वगैरे.

मिस्त्री : आणि दवाखान्याची रुग्णवाहिका?

बायको : तिचं काय?

मिस्त्री : तिची आतली सगळी वायरिंग नवी टाकली मी. पेशंटच्या डोक्याशी यंत्र लावतात त्याची लाइनसुद्धा. एकट्याने केलं, तू त्या दिवशी बहिणीकडे होतीस. ते दोऱ्याच्या आधी की नंतर? आधी असेल. आधी होतं ना? आठव ना.

बायको : आठवायचं काय त्यात. तिच्या सीटची कव्हरं दुसऱ्या दिवशी मी शिवली. तो हिरवा दोरा तसाच पडून होता, वाया कशाला घालवायचा म्हणून तोच वापरला. नंतरचं आहे ते.

मिस्त्री : चालत असेल तसं. काही असतं तर त्यांनी फोन केला असता.

बायको : व्हॅनवालाही दोन दिवस चालवतच होता.

मिस्त्री : आपण फोन केला की दवाखाना हातचा गेला. दवाखाना गेला की सगळ्या गावाला कळलं.

बायको : हो. कळेल.

मिस्त्री : मग काय करायचं, तू सांग.

बायको : मी काय बोलू. फोन माझ्या हातात आहे. तुम्ही नको म्हणालात तर ठेवून देते, आणि मग आज रात्री तुम्हालाही झोप नाही आणि मलाही.

मिस्त्री : लाव.

बायको : लावते. काय सांगू? मिस्त्रींना गाडी पुन्हा एकदा नजरेखालून घालायचीय?

मिस्त्री : नाही. मिस्त्रींना नीट दिसत नाही, असं सांग. गाडी आणा म्हणावं, बघायला त्यांची बायको आहे.