विंचू उतरवणाऱ्या बुवांना विंचू चावला

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक सांगा, देवाचं नाव ओठांवर असलं म्हणजे माणूस शहाणा होतो का हो? माना डोलावू नका, आधी ऐका!

कोकणात एक हरिश्चंद्रबुवा. कोण म्हणता? हेच, तुमच्यापुढे उभं असलेलं ध्यान! मंत्राने विंचू उतरवण्यात पंचक्रोशीत नाव. दहांतले नऊ विंचू आपोआप उतरतात, पण नारळ कुणाला? बुवांना!

एका सकाळी बुवांनी कुंपणाच्या गडग्याचा चिरा उचलला आणि लाल विंचवाने अंगठ्याला नांगी मारली. बुवांनी मंत्र सुरू केला. तासाभरात सदरा घामाने चिंब! लोक म्हणाले, "बघा, विष उतरतंय!" बुवांनाही पटलं! मग ओकारी. हातपाय गार. छाती धडधडतेय, पण तोंड काही मिटत नाही!

बुवांची बायको सुलोचनाबाई म्हणाली, "अहो, रिक्षा आलीय. उठा."

"लोक काय म्हणतील?"

"तेराव्याचं जेवण छान झालं म्हणतील!"

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली. "हा घाम विष चढल्याचा आहे, बुवा! अजून उशीर केला असता तर फुप्फुसात पाणी भरलं असतं." एवढीशी गोळी दिली, सलाईन लावलं. बजावलं, "उठायचं नाही, चक्कर येईल." बुवा ऐकतात होय? आशीर्वाद द्यायला उठले आणि बाईंच्याच पायांवर आडवे!

संध्याकाळी हातापायांत ऊब आली. तेव्हा मात्र बुवा रडले. नऊ उतरले, दहाव्याचं काय झालं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

महिन्याभराने गावातला भागोजी विंचू चावलेल्या आईला पाठुंगळी घेऊन दारात! म्हातारी घामाने निथळतेय. "बुवा, मंत्र टाका!"

ओटीवर माणसं जमलेली. सगळ्यांचे डोळे बुवांवर. बुवांनी मंत्रासाठी हात उचलला आणि तसाच खाली घेतला, मंडळी! शेवटी बुवा ओरडले, "मला येत नाही रे, भागोजी! कधीच येत नव्हतं! रिक्षा बोलव!"

म्हातारी वाचली. बुवांचं नाव गेलं ते गेलंच!

हसलात ना? हसा! "मला येत नाही" एवढं म्हणायला या बुवाला साठ वर्षं लागली. तुमच्या घशात काय अडकलंय? आज घरी जाऊन म्हणून टाका. लाज वाटेल. वाटू दे! लाजेनं कुणी मरत नाही, मंडळी — विंचवानं मरतं!