हातगाडीच्या मापाचा उतार

विद्यापीठाच्या जुन्या दगडी इमारतीबाहेर आमची फॉर्मची रांग लागली होती. शेजारी, पायऱ्यांलगतच्या नव्याकोऱ्या रॅम्पच्या पायथ्याशी, व्हीलचेअरवरच्या प्राध्यापिका आणि गवंडीमिस्त्री बोलत होते.

“बघा मॅडम, काम कसं दणकट झालंय! हत्ती चढेल.”

“हत्ती चढेल हो, मी नाही चढणार. उतार कुठल्या मापानं धरलात?”

“आमचं नेहमीचंच माप. विटांची हातगाडी दोघं जण आरामात चढवतात.”

“मी काय विटा आहे?”

“तसं नव्हे. शिपाई ढकलेल की!”

“मला वर्गावर एकटीनं जायचंय, मिस्त्री. मी या बाकावर सरकते. तुम्ही बसा माझ्या खुर्चीत आणि चढा.”

“मी? अहो, लोक बघतायत.”

“मला रोजच बघतात. बसा.”

चाकं करकरली.

“अर्ध्यावर आलो, मॅडम! हात भरून आले. गाडी मागं सरकतेय. शिपायाला बोलवा!”

“तो चहाला गेलाय.”

“मग टेकवला बघा पाय. थांबली.”

“तेवढंच मला जमत नाही.”

मिस्त्रींनी पाय टेकत टेकत खुर्ची खाली आणली.

“उद्या सकाळी फोडतो हा. नवा किती लांब लागेल?”

“याच्या तिप्पट.”

“म्हणजे पार या रांगेपर्यंत. ओ मंडळी, सरका मागं! इथून मॅडमची वाट येणार आहे.”