मी मुंढा सैल करत गेले

माहेर माझं वारज्याचं, तेव्हा तिथं इमारती नव्हत्या, ज्वारी होती, आणि लग्न होऊन आले कसबा पेठेत, सासूबाईंनी माझं हाय-न्हाय सोडवलं, पण घाबरले की अजून तेच तोंडात येतं. ब्लाउज शिवायला इथंच शिकले. काय सांगू तुम्हाला, तीस वर्षं झाली, पेठेतल्या बायकांची मापं मला वहीशिवाय पाठ, आणि स्वतःचं माप कधी घेतलं नाही.

एका वर्षी माझाच ब्लाउज डाव्या काखेत काचायला लागला. दुसरी कुणी असती तर हात लावून बघितलं असतं, मी काय केलं, मुंढा उसवला, आत दाबलेलं कापड सोडलं, पुन्हा टीप मारली. महिन्यानं पुन्हा काचला, पुन्हा सोडलं. कंबरेला मात्र सैल व्हायला लागला, तर तिथं आत घेतला. संध्याकाळी कणकण, पहाटे उशी घामानं ओली, म्हटलं पाळी जायचे दिवस आहेत. रोग वाढत होता आणि मी त्याला मापानं शिवून देत होते, आता बोला.

शनिवार पेठेतल्या एक निवृत्त नर्सबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. मशीनवर पडलेला माझा ब्लाउज त्यांनी उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, अहो, बाई सगळीकडून वाळतेय आणि काख तेवढी बाळसं धरतेय, हे कुठल्या क्लासात शिकवलं तुम्हाला? तिथंच चाचपून पाहिलं, काखेत गाठी, मानेवर पण. दुसऱ्या दिवशी स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात नेलं मला.

सुईनं नमुना घेतला, त्यावरून नक्की होईना, मग अख्खी गाठ काढून तपासायला धाडली. रिपोर्ट आला, लिम्फोमा. मी विचारलं, कॅन्सर हाय का? डॉक्टर म्हणाले हो, पण औषधाला दाद देणारा. मी म्हटलं मग सगळ्या गाठी कापून टाका ना, तर म्हणाले ताई, हा कापून जात नाही, औषध रक्तातून सगळीकडं फिरावं लागतं. मला जगायचं होतं हो. इतकं जगायचंय हे तोवर ठाऊकच नव्हतं.

दर एकवीस दिवसांनी एक, असे सहा डोस. त्यातलं एक औषध लाल, सरबतासारखं, नळीतून उतरताना बघत बसायचं, आणि मग डोळे जड. काय काय दिसायचं मला! मुठेच्या या काठापासून त्या काठापर्यंत दोरी, तिच्यावर मी शिवलेले सगळे ब्लाउज, हजारो, वाऱ्यानं फुगलेले, आत कुणी नाही, तरी मला ओळखू यायचे, ही कोपऱ्यावरची भाजीवाली, ह्या शाळेतल्या बाई, दोघी कधीच्या गेलेल्या. मी आपली शोधत जायचे, माझा दिसतोय का. तेवढ्यात सिस्टर हलवायच्या, उठा, संपलं सलाईन. दोरीवर नव्हता, म्हणजे अजून अंगात आहे, असं म्हणत मी घरी यायचे.

केस गेले, चव गेली, शेवटच्या स्कॅनमध्ये गाठी पण गेल्या. आता पाच वर्षं झाली. तपासणीला जाते अजून, रिपोर्ट येईपर्यंत घास गिळत नाही.

मागच्या महिन्यात एक बाई आल्या, एका काखेत काचतंय, सैल करून द्या म्हणाल्या. मी म्हटलं, आधी डॉक्टरांना दाखवा, मग टीप उसवते. चिडल्या, तुम्ही शिंपीण आहात का डॉक्टरीण? आठ दिवसांनी आल्या आणि कागद आपटला मशीनवर, घ्या, काही नाही, नुसती चरबी आहे. मी त्यांचा हात धरून तिथंच रडले, त्यांना काही कळेना. नुसती चरबी, असंच निघो गं बाई प्रत्येकीचं.