चितेपुढचा प्रश्न

आजच्या सभेच्या अध्यक्षा सुनंदाबाई, सत्कारमूर्ती हयवदनराव, व्यासपीठावर अवघडून बसलेल्या पद्मावतीवहिनी, आणि पंख्याखालची खुर्ची मिळालेल्या व न मिळालेल्या बंधुभगिनींनो, या उमाकांतचा सगळ्यांना नमस्कार.

हयवदनराव, म्हणजे आपले अण्णा, उद्या लेकीकडे म्हैसूरला कायमचे निघालेत. बेवारस प्रेतांना अग्नी द्यायचं त्यांचं काम पुढं कोण बघणार? कोणी तयार झालं नाही तर ते बंद करायचं, असं आपल्या मंडळानं ठरवलंय. मला रात्री झोप लागत नाही, ती यापायी.

आमची जोडी तशी विजोडच. अण्णा देव मानत नाहीत, मी संध्या चुकवत नाही. ते खांदा देणार, मी मंत्र म्हणणार. मेलेल्याचं गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणावं, असा आपल्यात रिवाज. मी निम्मं बेंगळूर काश्यप करून ठेवलंय. एकदा मी छेडलं, तुम्हाला पटत नाही तर मला कशाला ओढून नेता? अण्णा म्हणाले, "मला नाही पटत. त्याला पटत असेल. आता विचारायची सोय नाही."

त्यांचा स्वतःचा विधी मात्र एकच. काडी ओढण्याआधी ते मोठ्यानं विचारायचे, कन्नडमध्ये आणि मराठीत, यांचं कोणी आहे का? स्वल्प थांबायचे. मग स्वतःच म्हणायचे, मी आहे. आणि अग्नी द्यायचे.

ब्याण्णव सालची गोष्ट. सरकारी दवाखान्यातून एका पोराचं प्रेत आलं होतं, नुकतं मिसरूड फुटलेलं. भर दुपार, वारा पडलेला. अण्णांनी विचारलं, आणि लाकडांच्या ढिगाकडून बाईचा आवाज आला, "इद्दीनि." आहे मी.

ढिगामागं कोणी नव्हतं. राखणदार खंडोजी बघायला गेला तो उलट्या पावलांनी परत आला. तिकडं पाठ करायची त्याची छाती झाली नाही. माझी तर बोबडीच वळली. अण्णा, लौकर काडी लावा, त्या जिवाला शांत करा, असं मी विनवू लागलो. अण्णांनी काडीपेटी खिशात टाकली.

"कोणीतरी आहे म्हणाली ना? मग शोधायला नको?"

आता तुम्हीच सांगा, त्या घटकेला आमच्यातला आस्तिक कोण होता?

प्रेत परत शवागारात गेलं. अण्णा पोराचा फोटो घेऊन ठाण्याठाण्यांतून वणवण फिरले. शेवटी बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी त्याची आई सापडली. पोर घरी आलं नाही तेव्हापासून ती रोज पोलिसांच्या दारात जात होती, पण ती काय सांगतेय ते कोणाला कळतच नव्हतं. बाई जन्माची मुकी होती.

पुन्हा चिता रचली. अण्णांनी पुन्हा तोच प्रश्न केला. बाईनं हात वर केला. अण्णांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

तो आवाज कोणाचा? मी मनात देवीचं नाव घेतो. अण्णा म्हणतात, भास. तिघांना एकच भास? असेल बापडा. त्या भासापायी एका आईला आपलं लेकरू शेवटचं बघता आलं, एवढं मात्र आम्हा दोघांना मान्य आहे.

तर जाता जाता अण्णांच्याच रीतीनं विचारतो. त्या बेवारसांचं या सभागृहात कोणी आहे का?

कोण बोललं? मागून बाईचा आवाज आला. उभ्या राहा अक्का, संकोच करू नका. मागच्या रांगेत बायका नाहीतच? रविकिरण, दाराबाहेर बघ रे. तिथंही नाही?

सरी, बरं तर. अण्णा, मान खाली घालू नका, तुम्हीही ऐकलंत. पण आता कोणाला शोधत बसत नाही. मी आहे. ती काडीपेटी माझ्याकडे द्या. खांदा मी देईन, मंत्रही मीच म्हणेन.

सुनंदाबाईंनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, उपकार मानतो. काही अधिकउणं बोललो असेन तर पोटात घाला. आणि रविकिरण, मागचा दिवा इतक्यात मालवू नकोस. बाई अजून तिथंच असतील.