हे टाइप करताहेत

मेंदूच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी नणंद-भावजय नंबरची वाट पाहत बसल्या होत्या. समोरच्या खुर्चीत नणंदेचा भाऊ एका बोटाने मोबाइलवर लिहीत होता.

"वहिनी, तुमच्या या आजाराच्या ग्रुपवर एक नवीन बाई विचारतेय, नवरा पूर्वीसारखा राहील का म्हणून. आणि एवढ्या जणांत एकालाही तोंड उघडता येत नाही?"

"वन्सं, वर बघा. ह्यांचं नाव दिसतंय, टाइप करताहेत. पेशंट लिहायला लागला की बाकीचे थांबतात, तशी पद्धतच आहे आमची."

"अगं, पण कधीचा लिहितोय!"

"बोटं ऐकत नाहीत हो त्यांची."

"मग तू दे ना लिहून."

"मघाशी तेच म्हटलं, तर केवढ्यांदा खेकसले माझ्यावर!"

"आला बाई एकदाचा मेसेज. वाच."

"'माणूस तोच राहतो. आत्ताच बायकोवर खेकसलो.'"