धन्यवाद म्हणून केलेली सही

काय सांगू तुम्हाले, लोकांची नोकरी शेठ हिसकून घेते, माही नोकरी मीच देऊन टाकली, कागदावर सही ठोकली, सहीखाली दोन रेघा ओढल्या आन् वरतून धन्यवादही म्हटलं. हसा, हसा, माही नातही हसते. पन्नाशीले टेकली होती मी तवा, म्हणजे अक्कल येवाचं वय होऊन गेलं होतं, अक्कल तेवढी येवाची राहिली होती.

आम्ही मूळचे उमरेडचे, कोष्ट्याचं घर, बापाचा हातमाग होता, मी चौथी शिकली आन् मंग मागाच्या सुताच्या कांड्या भराले बसली. लगन होऊन नागपुरात आली तं इथं हातमागच बंद पडून राहिले होते. घरवाला खापरखेड्याच्या वीजघरात ठेकेदाराकडं, कधी काम हाय कधी नाही, म्हणून मी शाळेचे युनिफॉर्म शिवाच्या कारखान्यात लागली, काज-बटनाले. एकोणीस वर्षं, बाई. अर्ध्या नागपूरच्या पोरांचे बटन माह्या हातचे.

तिथं आम्ही दहा-बारा बाया, त्यातल्या बऱ्याच अंगठेवाल्या. कौसल्या म्हणून एक होती, रामटेककडची, तिच्यासमोर कोणताही कागद आला का ती हात पदराखाली लपवे, म्हणे पयले वाचून दाखोव, मोठ्यानं वाच, मंगच अंगठा. क्लर्क वैतागे. आन् मी? मी महाराणी! मले सही येत होती ना. कागद हाती घ्याचा, मान डोलवाची, जसं काही सारं समजलं, आन् झोकात सही कराची. मराठी वाचता येत होतं मले, पण कागद राहे इंग्रजीत, आन् यात काय लिवलं हाय असं विचारणं म्हणजे अंगठेवाल्यांत जाऊन बसणं, असं वाटे मले. काय तो तोरा! तवाची ती मी आता मले भेटली तं दोन थापडा देईन.

मंग डोळ्यात मोतीबिंदू आला. सुईत धागा जाईना. मी वंदनाले म्हटलं, पंधरा दिवस सुटी पाहिजे, ऑपरेशन हाय. ही वंदना आमची सुपरवायझर, पण तिले कारखान्यात आणली मीच, काज कराले शिकवलं मीच, तिच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू माह्या घरून गेले. बारावी झाली होती म्हणून शेठनं तिले वर चढवलं, तं साऱ्या वस्तीत पेढे मीच वाटले, जशी माही पोरगीच कलेक्टर झाली. तिनं टाईप केलेला कागद आणला, म्हणे मावशी, सुटीचा अर्ज, इथं सही करा. डोळ्यासमोर सारं धुकं. मी कागद नाकाजवळ नेला, वाचल्यासारखं केलं, मान डोलवली, सही केली. धन्यवाद बेटा म्हटलं.

पंधरा दिवसानं काळा चष्मा घालून गेटवर गेली तं चौकीदार म्हणे, काकू, आपका नाम कट गया. मी म्हटलं, काहून गा, मी काय मेली का? आत वंदनाले बोलावलं. ती आली, माह्याकडं न पाहता म्हणे, मावशी, तुम्हीच तं राजीनामा देल्ला, राजीखुशीनं. मांगं पाहिलं तं माह्या पाटावर नवी पोरगी बसून राहिली होती, शेठनं ठेकेदाराकडून कमी पगारात आणलेली.

घरी येऊन लय रडली, ताज्या ऑपरेशनचा डोळा, डॉक्टरनं रडू नका सांगितलं होतं. आमच्या गल्लीत गणपतभाऊ राहत, गिरणीत युनियनचं काम केलेला म्हातारा. ते म्हणे, रडणं मंग कर वं, पयले लिही. फसवून घेतलेला राजीनामा म्हणजे राजीनामा नोय. आन् वर्ष-वर्ष काम केलेल्या माणसाले नोटीस नाही, कारण नाही, असं रस्त्यावर काढता येत नाही. मले कामावर येवाचं हाय असं आजच लिहून रजिस्टर पोस्टानं धाड, पावती सांभाळ, हिशेब चुकता म्हणून कागद पुढं केला तं हात लावू नको, आन् रोज ड्यूटीच्या टायमाले गेटवर उभी राह्य, म्हणजे काम तू सोडलं असं कोणी म्हणणार नाही.

तं मी रोज उभी. काळा चष्मा, हातात डब्याची थैली. एका बाईनं मले आंधळी भिकारीण समजून केळं देल्लं. खाल्लं मी, भूक तं लागली होती.

मंग कामगार आयुक्ताच्या ऑफिसात अर्ज केला, तिथं मालक-मजूर दोघांले समोरासमोर बसवते, वकील नसला तरी चालते. तिथल्या साहेबानं कागद पाहिला आन् वंदनाले विचारलं, मजकूर इंग्रजीत, सही मराठीत, बाईले हे वाचून कोणी दाखवलं? वंदना म्हणे, मी. मराठीत समजावून सांगितलं साहेब, मावशी म्हणे आता घरी बसते. इतकं साफ बोलली का क्षणभर मलेच वाटलं, म्हटलं असंन बाप्पा मी. नोकरी गेली तवा नाही तुटली मी, तिथं तुटली.

पुढच्या तारखेले कौसल्या आली. अर्धा दिवस सोडून, नोकरी जाऊ शकते हे माहीत असून. म्हणे, मी तिथंच उभी होती साहेब, कोणी काही वाचलं नाही, सुटीचा अर्ज हाय एवढंच म्हटलं. तिचा जबाब लिवला तं तो तिनं क्लर्कले दोनदा मोठ्यानं वाचाले लावला, मंगच अंगठा. साहेबही हसले. मंग मी दवाखान्याचा कागद दाखवला, तं साहेब शेठले म्हणे, नोकरीच सोडाची असती तं ही बाई डॉक्टरकडून कामावर जाचं सर्टिफिकेट काहून आणंन? कोर्टात हे टिकणार नाही. शेठनं मले परत घेतलं, नोकरी खंडित झाली नाही असं लिहून देल्लं. तो कागद मी सगळ्यांसमोर वाचून घेतला, शब्द न् शब्द.

वय होईपर्यंत काम केलं तिथंच. आता वस्तीतल्या पोरी मोबाईलवर नोकरीचे कागद घेऊन येते, आजी हे पाहा म्हणते. मी म्हणते, मले काय दाखवतं वं, ज्यानं देल्लं त्याले विचार, दहा डाव विचार, अडाणी दिसली तरी चालंन. सुखी राहा साऱ्या.

वंदना मंग बोलली का म्हणता? बोलली ना. परत कामावर गेली त्या पयल्याच दिवशी, जेवणाच्या सुटीत माह्या पाटाजवळ येऊन उभी राहिली. मी डब्यातून मान वर केली नाही. तिचेच शब्द सांगते, माह्या पदरचा एक नाही: मावशी, त्या दिवशी तुम्ही एकडाव विचारलं असतं ना का यात काय लिवलं हाय, तं मी खोटं बोलू शकली नसती. मी वाट पाहून राहिली होती. तुम्ही विचारलंच नाही.